मायचे कान कपाटात

अण्णा,

सकाळपासून तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा अर्धा मोरीत ओतला. बसवत नाही, उभं राहिलं की पाय दुखतात, म्हणून शेवटी वही घेतली. झालंय एवढंच की लेकीचा फोन आला होता. ती परदेशात असते. तुम्ही तिला पाहिलं नाही. माझ्या या पायांसाठी तिने तिकडे बूट घेतलेत आणि पार्सल करते आहे. तिने एक साधी गोष्ट विचारली, "आई, फॉर्मवर किंमत किती लिहू? इथं सगळे कमीच लिहितात. खरी लिहिली तर तुला कस्टम भरावं लागेल." मी म्हणाले, नंतर सांगते. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी, वर्गातल्या कुठल्या मुलीला 'नंतर सांगते' म्हटल्याचं आठवत नाही. शिक्षकांच्या खोलीत माझ्या जिभेला लोक टरकून असायचे. आणि बुटांच्या किमतीपाशी ती जीभ अडकली. फोन ठेवल्यापासून घरभर फिरते आहे आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तेच जुनं भांडण. सत्तरच्या दशकात सुरू झालं, तुम्ही गेलात तरी संपलं नाही.

सेलूला पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत आपण राहायचो. पुढे ऑफिस, मध्ये एक भिंत, मागे आपला स्वयंपाक. भिंतीच्या त्या बाजूला तुमचं लोखंडी कपाट आणि या बाजूला मायची भांड्यांची मांडणी. दीक्षा घेतलेल्या आपल्या लोकांपैकी पोस्टमास्तरच्या त्या खुर्चीवर बसलेले तुम्ही पहिले. ते तुम्ही एक मिनिटही विसरत नव्हतात आणि गावही विसरू देत नव्हतं. दहा वाजले की खिडकी उघडणार, म्हणजे दहा वाजता. मनीऑर्डरीचा हिशोब एका पैशाने चुकला तर जेवायला येणार नाही. बाकीच्यांची चूक ही चूक असते, आपली चूक झाली की लोक सगळ्या जातीचं नाव घेतात, असं तुम्ही म्हणायचात. ते खरं होतं. पण अण्णा, त्या खरेपणाचं ओझं वाहिलं कोणी? तुम्ही एकट्यानेच नाही.

माय प्राथमिक शाळेत चौथीला शिकवायची. विषमज्वर झाला आणि तिचे कान हळूहळू गेले. ती पोरांच्या ओठांकडे बघून उत्तरं ओळखायची, आणि पोरंही शहाणी, बोलायच्या आधी हात वर करून तिच्यासमोर येऊन उभी राहायची. हेडमास्तर चांगले होते, त्यांनी चालवून घेतलं. मग कुणीतरी वर अर्ज केला की चौथीच्या बाईंना ऐकू येत नाही. आता तपासणीला साहेब येणार आणि मायचा वर्ग पाहणार, असा निरोप आला. त्या वर्गाखेरीज मायचं स्वतःचं असं जगात काही नव्हतं. बाकी ती तुमची बायको होती, माझी माय होती. चौथीच्या दारातून आत गेली की ती बाई होती.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. होऊन घरी आले होते. तुम्हीच मला औरंगाबादला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं, शिष्यवृत्तीवर, वसतिगृहात. तिथल्या एक सिस्टर म्हातारपणी आयर्लंडला परत गेल्या होत्या, त्यांना मी मायबद्दल पत्र लिहिलं. ऐकायच्या यंत्राबद्दल विचारलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ताटावरच थांबलात. भाकरीचा तुकडा हातात तसाच. "हात पसरलास," तुम्ही म्हणालात. "लोकांचं उतरलेलं घालून आमी मोठे झालो. पाटलाच्या पोराचा सदरा माझ्या अंगावर बघून तोच पोरगा हसायचा. तुला एवढं शिकवलं ते पुन्हा तिथंच जायला व्हय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्हाला दिसलं नाही, कारण मी ते दिसू दिलं नाही. मायने विचारलं, काय म्हणायलेत ते? मी तिच्या समोर तोंड करून सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणतात.

पार्सल आलं ते तपासणीच्या तीन आठवडे आधी. मुंबईत कस्टमने उघडून, तपासून, पुन्हा बांधलेलं. वर ड्यूटीचा आकडा. तो आकडा मायच्या दीड पगाराएवढा होता. तुम्ही तो दोनदा वाचलात, मग चष्मा काढून पुसलात आणि तिसऱ्यांदा वाचलात. मग मला ऑफिसच्या दारात बोलावून काहीतरी विचारलंत आणि मी काहीतरी उत्तर दिलं. त्याकडे नंतर येते. मग तुम्ही नोंद केलीत आणि पार्सल कपाटात ठेवून किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवलीत. जानव्यासारखी हा शब्द तुम्हाला झोंबेल, म्हणूनच लिहिला.

पैसे नव्हते. पेडगावचे काका स्वतःच तुमच्या मनीऑर्डरीची वाट बघायचे. गावात कुणाकडे मागायचं नाही, कारण ज्याच्याकडे मागायचं त्याचीच पत्रं-पार्सलं तुमच्या हातातून जाणार. हे सगळं मला कळत होतं, मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. मला कळत नव्हतं ते एवढंच की यंत्र भिंतीपलीकडे आहे, माय भिंतीअलीकडे आहे, तपासणी एकाच दिवसाची आहे, आणि त्या एका दिवसापुरतं ते तिच्या कानाला लावून संध्याकाळी परत बांधून ठेवायला काय होतं? कुणाचं काय बुडणार होतं? मी हे तुम्हाला विचारलं. एकदा नाही, रोज विचारलं. तुम्ही म्हणायचात, "पैसे भरल्याबिगर ते तुझ्या मायचं न्हाई. सरकारच्या ताब्यातलं हाय." मी म्हणायचे, सरकारला ऐकू येतं, मायला येत नाही. तुम्ही जेवत राहायचात.

आणि तो कापसाचा आडत्या. त्याच्या मेव्हण्याने आखातातून टेपरेकॉर्डर पाठवला होता तेव्हा तुम्ही ड्यूटी भरेपर्यंत त्याला हातही लावू दिला नव्हता. तेव्हाच तो चारचौघांत म्हणाला होता, "मास्तर, तुमच्या घरचं पार्सल येऊ द्या, मग बघू कायदा कुठल्या दाराने जातो." आता तो रोज यायचा. एक पोस्टकार्ड घ्यायचा आणि मान लांब करून कपाटाकडे बघायचा. त्या तीन आठवड्यांत त्याने जन्माला पुरतील एवढी पोस्टकार्डं घेतली असतील. एकदा गोड आवाजात म्हणालाही, "बाईंसाठी आमी भरतो की पैसे, मास्तर. तुमी आमचं बघा, आमी तुमचं बघू." तुम्ही त्याच्या हातात सुट्टे पैसे मोजून ठेवलेत आणि पुढच्या माणसाला हाक मारलीत. मी दाराआड उभी होते. तेव्हा तुमचा अभिमान वाटला, हे कबूल करते. पण दहा मिनिटांनी मांडणीसमोर मायला बघितलं आणि तो अभिमान आंबला.

ती चिडत नव्हती, याचाच मला जास्त राग यायचा. भांडी लावता लावता ती भिंतीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "माझे कान तुमच्या कपाटात हायेत. तवर मला काई सांगू नका, उगं वाया जाईल." तुम्ही हसायचात. दोघंही हसायचात. मी ताट आपटून उठायचे, आणि तो आवाज तिघांत दोघांनाच ऐकू यायचा.

तपासणी झाली. मी तिथे नव्हते, मायने घरी येऊन सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. पदर नीट खोचलेला, नाकावर खडू. "साहेब पाठीमागून बोलला," ती म्हणाली. "पोरं माझ्याकडं बघायलीत, मी पोरांकडं बघायलेय. आता काई तरी तर म्हणावं म्हणून मी म्हणले, बरोबर." पोरांनी तिला मागाहून सांगितलं, साहेबाने विचारलं होतं, बाई, आज वर्गात गैरहजर किती? एक पोरगी उठून बाईंसमोर येऊन उभी राहिली, तिला सांगायला. साहेबाने तिला खाली बसवलं. महिनाअखेरीच्या आत मायचा वर्ग गेला. तिला पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दिली आणि हजेरीपटावर रेघा मारायचं काम. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जेवण वाढताना, मी तुम्हाला म्हणाले की तुम्ही मायचा वर्ग एका शिक्क्यासाठी विकलात. तुम्ही भाकरी संपवलीत, हात धुतलेत आणि खिडकी उघडायला गेलात. तुमचा तो गप्प बसण्याचा गुण मला कधी पचला नाही.

मग महागाई भत्त्याचा फरक मिळाला आणि मायने पैसे आणले. तुम्ही मुदत रीतसर अर्ज करून वाढवून ठेवली होती, म्हणून पार्सल परत गेलं नव्हतं. ती मागच्या दाराने नाही आली. घरातून निघून, रस्त्याने वळसा घालून, पुढच्या खिडकीत रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे तीन माणसं. आडत्याही होता, पोस्टकार्ड घेऊन बाजूला रेंगाळलेला. तिची पाळी आली तेव्हा तुम्ही नोटा दोनदा मोजल्यात, पावती लिहिलीत आणि बोट ठेवून म्हणालात, "बाई, इथं सही करा." बायकोला बाई म्हणालात, सगळ्या गावासमोर. मला तेव्हा तो अपमान वाटला. आता वाटतं, शाळेने काढून घेतलेला शब्द तुम्ही तिला खिडकीतून परत दिलात. की मी म्हातारपणी उगीच तुम्हाला माया लावते आहे? कोण जाणे.

पार्सल तिथेच उघडलं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिची वायर, कानात घालायचा गोळा. सिस्टरनी वेगवेगळ्या मापांचे रबरी गोळे पाठवले होते, त्यातला एक बसला. डबी पोलक्याला अडकवून तिने बटण फिरवलं, आणि तेवढ्यात तुम्ही पावतीवर शिक्का मारलात. ती दचकून दोन पावलं मागे सरली. मग म्हणाली, "एवढ्या जोरात मारता व्हय हो? रोज?" रांगेतली माणसं हसली. आडत्यासुद्धा हसला. तुम्ही शिक्का हातात धरून उभे राहिलात, आणि पुढचा शिक्का इतका हळू मारलात की तो उमटलाच नाही.

आता ते. तुम्ही दारात बोलावून विचारलं होतंत, "त्या सिस्टरनं किंमत लय लिहिलीय. यंत्र नवंच हाय ना? वापरलेलं असलं तर सांग. मुंबईला फेरतपासणीचा अर्ज टाकू, तू इंग्रजीत लिही, ड्यूटी एकदम उतरंल." आणि मी म्हणाले, नवंच आहे.

ते नवं नव्हतं, अण्णा. ते सिस्टरच्या आईचं होतं, ती वारली होती. सिस्टरनी मला तसं लिहिलं होतं, आणि विचारलंही होतं की वापरलेलं म्हणून थोडी किंमत लिहू ना? म्हणजे खरं तेच लिहू ना? ते पत्र आलं तेव्हा तुमचा सदरा आणि पाटलाचा पोरगा माझ्या डोळ्यांसमोर होता. आपल्या पार्सलावर 'वापरलेलं' हा शब्द लिहून यावा, तो पोस्टमनने वाचावा, आडत्याने वाचावा, तुम्ही वाचावा, हे मला नको होतं. मी सिस्टरना कळवलं की दुकानात नव्याची जी किंमत असेल ती लिहा. त्यांना वाटलं, इकडचा काही नियम असेल. तुम्हाला मी सांगितलं, त्या नवं विकत घेऊन पाठवत आहेत. ज्या ड्यूटीपायी मी तुम्हाला आयुष्यभर बोल लावला, ती मी लावली होती. खरी किंमत लिहिली असती तर ड्यूटी तुम्ही त्याच संध्याकाळी खिशातून भरली असती आणि माय यंत्र लावून साहेबाच्या पुढे उभी राहिली असती.

आणि तुम्हाला कळलं होतं. डबीच्या पाठीवर सुईने कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं होती, त्या आईच्या नावाची. मायच्या हातात देण्याआधी तुम्ही त्यांच्यावरून अंगठा फिरवलात. मी दारातच उभी होते. तुम्ही वर पाहिलं नाहीत, माझ्याकडे तर नाहीच. त्यानंतर पुष्कळ वर्षं जगलात, मी कितीदा तोंडावर फेकलं तुमच्या, शिक्क्यासाठी वर्ग विकला म्हणून. एकदाही म्हणाला नाहीत, की ती अक्षरं कुणाची गं होती?

हे पत्र वहीतच राहील. पुन्हा फोन वाजतो आहे, लेकीचाच असणार. किमतीचं काय ते सांगते तिला, पण आधी ते बूट नवे आहेत ना, हे विचारायला माझं तोंड उघडत नाहीये.