विचारणाऱ्याचा आवाज

३ तारीख, सोमवार

लागली बाई एकदाची नोकरी! रेडिओ केंद्रात, जुन्या मुलाखतींच्या विभागात. शब्द ताईने टाकला. ती इथलीच निवेदिका. तीन वर्षांपूर्वी तिचा आवाज गेला, तेव्हापासून पाटीवर लिहून भांडते. मी निघताना आईने डोळे पुसले. जशी काही मी लढाईवरच निघाले होते!

काम मजेचं आहे. लेखक, चित्रकार, पुढारी असे गेल्या पन्नास वर्षांतले पाहुणे फितींवर बसलेत. त्यांची उत्तरं खणखणीत. विचारणाऱ्याचे प्रश्न मात्र पार विरलेत. फिती सांभाळणारे काका घड्याळ लावून मोकळी जागा मोजतात आणि तेवढ्या सेकंदांत मी तोच प्रश्न नव्याने विचारते. आज एका चित्रकाराला बालपणाबद्दल विचारलं. एका दमात जमलं.

६ तारीख, गुरुवार

गंमतच झाली. शेजारणीला बालपणीचा किस्सा सांगत होते, तर "बालपण" हा शब्दच तोंडातून फुटेना. बाकी टकळी चालू. घसा धरला असेल.

आणि आनंदाची गोष्ट म्हणजे ताई आज बोलली! एकच शब्द, तोही "बालपण". आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो.

११ तारीख, मंगळवार

रंग. गाव. पुस्तक. निवडणूक. फितीवर जे जे विचारलं ते ते जातंय. दुकानात दोऱ्याचा रंग बोटाने दाखवावा लागला. दुकानदाराला मी मुकी वाटले. हसण्यावारी न्यावं तरी किती?

घरी ताईची बडबड चालू आहे. रंग, गाव, पुस्तकं. आवाज ओळखीचा आहे, पण तिचा वाटत नाही. माझा आहे तो.

१२ तारीख, बुधवार

सकाळी एका पुढाऱ्याला विचारलं, पक्षाला तुम्ही कधीच "नाही" का म्हटलं नाही? काकांनी "नाही"वर जोर द्यायला लावला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना धरलं. खाली मान घालून कबूल केलं त्यांनी. फिती विचारणाऱ्याचा आवाज खातात. माझ्याआधी विचारणाऱ्याच्या खुर्चीत ताई होती, तिचा खाल्ला. परत हवा असेल तर रक्ताचं माणूस त्या खुर्चीत आणून बसवायचं. माझा अर्ज ताईनेच भरला होता.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. जिने मला बोलायला शिकवलं, तिने!

१३ तारीख, गुरुवार

साहेबांना सांगायला गेले, उद्यापासून येणार — पुढचा शब्द निघालाच नाही. ते म्हणाले, वा, छान. मी हात हलवले. त्यांना वाटलं निरोप घेतेय.

१४ तारीख, शुक्रवार

घरीच बसले. कडी लावून. बाहेर ताई, माझ्या आवाजात, विनवतेय — एकच फीत राहिलीय, एका लेखिकेची, तिच्या आईबद्दलची. तेवढा एक शब्द दे म्हणते.

आईला सांगायला हवं. आईला कळलं तर —

आईने दार वाजवलं. उघडलं. हातात माझ्या चपला. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणाली, तू धीट आहेस गं, तू निभावशील. तीन वर्षं थोरलीची हाक ऐकायला तरसले गं — पुढे रडायलाच लागली.

दोघी दारात उभ्या आहेत. चपला समोर.

ताईला हवा तो एकच शब्द उरलाय माझा. म्हणून बघते, मोठ्याने, आईच्या तोंडावर — आ