ओवी मला काय म्हणणार

६ जानेवारी
थंडी फार. ओवीने आज दुधाचा पेला स्वतः धरला, निम्मं दूध फ्रॉकवर. मंगेश कंपनीत, सूनबाई गौरी बँकेत, दिवसभर आम्ही आजी-नात दोघीच. बोलायला लागलीय आता. काऊ, भूभू, दे, नको. 'नको' तर इतकं ठसठशीत की माझ्यावरच गेलीय. 'आई' अजून नाही. मी रोज छातीवर हात ठेवून सांगते, आई. ती माझा चष्मा ओढते.

८ जानेवारी
शेजारची नवी बाई आली होती, नवरा देवळाली कॅम्पात आहे. हरियाणाची. मी ओवीला "आईकडे ये" म्हणाले तर तिला गंमत वाटली. "आप तो दादी हो ना? फिर माँ को क्या बोलेगी?" म्हटलं, तिची आई मम्मी आहे, 'आई' रिकामंच आहे.

सायखेड्याला आमच्या घरी आजीला आईच म्हणायचे. वडील तिला आई म्हणत, म्हणून आम्हीही. जन्म देणारीला बाई. लग्न होऊन सटाण्याला गेले तर तिथे मोठी माय. गौरीकडे कोल्हापूरला आजीला आऊ म्हणायचे. पण सगळीकडे एकच, घरात जे कानावर पडतं ते पोर उचलतं. त्यात माझं नशीब फुटकं. धाकटे दीर दिवसभर "वहिनी, वहिनी" करायचे, मंगेशने तेच उचललं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पोऱ्या शे, म्हनू दे." पोर आहे म्हणून म्हणू दिलं. घोडा झाला, लग्न झालं, बाप झाला, मी अजून वहिनीच. सख्ख्या मुलाची वहिनी. लोक हसतात, मीही हसते.

कॉलेजात होता तेव्हा एकदाच म्हटलं होतं, आता तरी आई म्हण. म्हणाला, "जीभ वळत नाही गं वहिनी. नाटक वाटेल." मला पटलं. पण ओवीच्या बारशाला सगळ्यांसमोर त्यानेच सांगितलं, "ओवी आता वहिनीला आई म्हणणार, सायखेड्यासारखं." त्या दिवशी मी दोनदा जेवले.

११ जाने., रवि.
बोरन्हाण पुढच्या रविवारी. गेल्या संक्रांतीला ओवी अगदी तान्ही, सर्दीने बेजार, राहून गेलं. हलव्याचे दागिने आणले. मुकुट मोठा होतोय, दोरा आवळावा लागेल. विहीणबाई येणार कोल्हापूरहून, महिनाभर राहणार म्हणे. मंगेश त्यांच्याशी फोनवर बोलायला गॅलरीत जातो. आत रेंज नसते म्हणे. माझ्या फोनला तर देवघरातसुद्धा असते.

१५ जाने.
वि. बाई आल्या. कांदा-लसूण चटणी, काकवी, ओवीला परकर-पोलकं. आल्या आल्या पदर खोचून भाकरी थापायला बसल्या. बाई चांगली आहे. तोच त्रास आहे, धड राग धरता येत नाही.

एक गंमत. मंगेश त्यांना हाकच मारत नाही. जवळ जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, "चहा घेता ना?" इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही?

१६ जाने.
दुपारी बोरन्हाणाची तयारी. त्या बोरं निवडत होत्या, मी उसाचे तुकडे करत होते. आपल्या आपण बोलत होत्या, "जावई लई गुणाचं मिळालं बघा. पयल्या दिवाळीपास्नं आईच म्हणत्यात मला. माझा थोरला तरी कवा कवा म्हातारे म्हणतोय."

मी "हो का" म्हटलं. ऊस चिरत राहिले, जरा जास्तच चिरला.

जीभ वळते तर.

रात्रीच्या स्वयंपाकात मीठ घालायला विसरले. सगळ्यांनी वरून घेतलं.

१७ जाने.
सकाळी मंगेश बूट घालत होता. मी मांडीवरच्या ओवीला म्हटलं, "तुझा बाप हुशार आहे हो, त्याला दोन जिभा आहेत. एक नाशिकची, एक कोल्हापूरची." लेकी बोले सुने लागे. लागलं. कान लाल झाले. म्हणाला, "तुला वाईट वाटेल म्हणून तुझ्यासमोर नाही म्हटलं कधी."

म्हणजे वाईट वाटेल हे ठाऊक होतं. ठाऊक असून इतकी वर्षं गॅलरीत जाऊन… हाक मारल्याचं दुःख कमी आहे. लपवलं, त्याचं जास्त. चोरी करावी तशी 'आई' म्हणत होता, आणि चोरी माझ्याच घरातली.

"त्यांनी सांगितलं म्हणून म्हणायला लागलो," म्हणाला. मी पण सांगितलं होतं रे.

बस आली त्याची, गेला.

१८ जाने., रवि.
बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, गळ्यात हार. ओवी पाटावर, बाहुलीसारखी. बायकांनी बोरं, कुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या डोक्यावरून ओतल्या. सोसायटीतली पोरं वेचायला तुटून पडली. ओवी घाबरली, रडायचा बेत. मी पुढे झाले, हात पसरले. मागून मंगेश वि. बाईंना म्हणाला, "आई, तुम्ही घ्या तिला." आता लपवायचं कारण उरलेलं नाही. गौरीचंही चालूच, "आई, इकडे बस. आई, मुकुट सांभाळ."

ओवीने मान वळवली, वि. बाईंकडे हात केले आणि म्हणाली, "आई."

पहिल्यांदा. अगदी स्वच्छ. वर्षभर मी पेरलं ते तिथे उगवलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंगेश मोबाईल धरून, "परत म्हण, ओवी, परत म्हण." परत म्हणाली.

मी कुरमुरे झाडायला घेतले. केरसुणी फार कामाची वस्तू. हातात असली की कोणी तोंडाकडे बघत नाही.

२० जाने.
गौरीला कळलंय. मुलगी वाईट नाही. तिने तोडगा काढला, "एक नाशिकची आई, एक कोल्हापूरची आई." म्हटलं, मी काय एसटीची पाटी आहे?

मंगेश म्हणतो, "आजी म्हणेल ना तुला. आजी काय वाईट आहे? सगळं जग म्हणतं." काहीच वाईट नाही. पण बारशाला पंगतीसमोर बोलला होतास ते आठवतं का, विचारलं. म्हणाला, "वहिनी, तू हे एवढं मनावर घेशील असं वाटलं नाही."

आपलेच दात, आपलेच ओठ. सांगू कुणाला.

वि. बाई संध्याकाळी जवळ येऊन बसल्या. "मला न्हवतं ठावं, ताई. मी तिला आऊ म्हणाय शिकवू का?" त्यांच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं. म्हटलं, राहू द्या, पोराच्या तोंडातला घास काढू नये.

२२ जाने.
सायखेड्याला आले, भावाकडे. ओवीला सांभाळायला वि. बाई आहेतच. मंगेशने बसपर्यंत पिशवी आणून दिली. किती दिवस, असं विचारलं. बघू म्हटलं. बस सुटली तरी खाली उभा होता. हाक मारायची असावी, पण मारली नाही.

भावजय म्हणाली, "ताई, र्‍हावा चार दिस. इथं काय घाई हाय." मुलाचं काही विचारलं नाही. शहाणी आहे.

२४ जाने.
दुपारी ओट्यावर गहू निवडत होते. अंगणातून भावाचा नातू ओरडला, "आई, भूक लागली." मी मान वर केली. भावजयही उठली. इथे आजीला अजून आईच म्हणतात. ती आत गेली, मी परत गहू निवडायला लागले. खडे दिसेनात. चष्मा पुसला.

२५ जाने.
नदीवर जाऊन आले. पाणी बरं आहे. मंगेशचे दोनदा फोन, घेतले नाहीत. गौरीचा मेसेज, ओवी तुमची खोली उघडून बघते. खोटं नसावं. ओवीने काही केलेलं नाही. पण तिला बघायला जायचं तर त्या घरात जावं लागतं, आणि त्या घरात तो "आई, चहा घेता ना?" म्हणणार. ते ऐकत मी पोळ्या लाटायच्या?

२७ जाने.
आज फोन उचलला. मंगेश. इकडचं तिकडचं, गारठा, बँकेचं पासबुक. मग म्हणाला, "ओवी बोलतेय बघ." श्वास ऐकू आला, मग फोन चाटल्याचा आवाज. लांबून गौरी, "म्हण ना, आजी म्हण, आ-जी."

ओवी म्हणाली, "वैनी."

माझ्या तोंडून "ओ" निघून गेली. न देण्याचं ठरवायलाही वेळ मिळाला नाही. सगळा जन्म त्याच हाकेला ओ दिलेली. तिला ती ओ आवडली असावी, लागोपाठ म्हणत सुटली, वैनी, वैनी. मागे गौरीला हसू आवरेना. मंगेश हसला नाही.

म्हणाला, "मी शिकवलं नाही हे तिला. शपथ."

म्हटलं, "माहीत आहे. तुलाही कुणी शिकवलं नव्हतं. 'आई' मात्र तू मोठेपणी शिकलास."

फोन कट झाला वाटून मी बघितलं, चालू होता. मग म्हणाला, "उद्या घ्यायला येऊ?" त्याच्याआधी काहीतरी म्हणायचं होतं त्याला, नुसता ओठ उघडल्याचा आवाज आला. मी थांबले. खरंच थांबले.

"वहिनी, येऊ का?"

भावजयीने चहाला हाक मारली. नंतर सांगते म्हटलं, आणि फोन ठेवला.