एकतीस मुलं

मल्लेश्वरम, बेंगळूर
१६ मार्च २०२५

प्रिय प्रणिताअक्का,

नमस्कार. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता आठव्या क्रॉस रस्त्यापर्यंत एकटी चालते. तू भाड्याने राहायचीस त्या वरच्या खोलीला ती अजून 'प्रणिताची खोली'च म्हणते. आपल्यात काय झालं ते तिला मी कधी सांगितलंच नाही.

तुझे फोन येत होते. मी उचलले नाहीत. वाजू दिले आणि बघत बसले. बरं वाटत होतं.

दसऱ्याच्या सुमारास एक आढावा वाचला होता. ड्रिल न लावता, दात कमीत कमी कोरून कीड थांबवण्यावर वीस वर्षांत जगभर काय संशोधन झालं, कल कुठे चाललाय, त्याचा. सर्वांत जास्त आधार घेतलेल्या लेखांत तुझा सातवा. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. पाच वर्षं मी याचीच वाट बघत होते.

राजाजीनगरची ती शाळा आठवते? तू विभागात नवी प्राध्यापिका, मी तुझी विद्यार्थिनी. किडलेल्या दाढांना आपण चांदीचं औषध लावायचो. कीड काळी पडून थांबायची. सुई नाही, रडणं नाही. वरवरच्या किडीला ते चांगलंच आहे, मी आजही वापरते. पण दाताच्या नसेपर्यंत पोचलेल्या किडीलाही तू तेवढंच लावायला सांगितलंस. एकशे अठरांपैकी एकतीस मुलं ठणका घेऊन परत आली.

"ही मुलं शाळा सोडून गेली असं लिही," तू म्हणालीस.

"अक्का, ती समोर बाकावर बसलीत."

"मैत्रेयी, स्वल्प शहाणी हो." 'स्वल्प', म्हणजे थोडं: आमच्याच घरी शिकलेला कन्नड शब्द.

मी लिहिलं नाही. तू लिहिलंस. लेखात माझं नाव नव्हतं. विभागप्रमुखांना सांगितलंस, ही फक्त हजेरी घ्यायची. माझी परीक्षा वर्षभर मागे पडली.

मुलांच्या नोंदींच्या वह्या मात्र माझ्याकडे होत्या. तेव्हाच दाखवल्या असत्या, तर तुला चार शब्द ऐकवून सोडून दिलं असतं. तुझं नाव अजून छोटं होतं. मला तू उंचावरून पडायला हवी होतीस.

नोव्हेंबरात सर्जापूर रोडच्या माझ्या दवाखान्यात भूमिका आली. सात वर्षांची. गाल इतका सुजलेला की डोळा उघडत नव्हता. खोल किडलेल्या दाढेला आधीच्या डॉक्टरने नुसतं औषध लावलं होतं. मी त्याला फोन केला. "मॅडम, खोल किडीतही चालतं, लेख आहे ना," म्हणाला आणि तुझाच लेख मला पाठवला.

पोर चार दिवस इस्पितळात होती. तिची आई धनलक्ष्मी मला म्हणाली, "डॉक्टर, हे आधी कुणालाच माहीत नव्हतं का?"

मी म्हटलं, "नव्हतं."

त्याच आठवड्यात मुलांची नावं झाकून वह्या तुझा लेख छापणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवल्या. वाटलं होतं, पाठवल्यावर मन हलकं होईल. झालं नाही. मग आणखी एक पान जोडलं: हे मला पाच वर्षं माहीत होतं, आणि मी गप्प का राहिले, तेही. मला काय शिक्षा होईल माहीत नाही.

काल उत्तर आलं. तुझा लेख मागे घेतला जातोय. तुलाही आलं असेल. तुझा चेहरा बघायला मिळाला नाही, याचं अजून वाईट वाटतं. सुधारले असं समजू नकोस.

शनिवारी अकरा वाजता त्या शाळेत एकतीस मुलांच्या आईवडिलांना बोलावलंय. बावीसजण येतो म्हणाले. भूमिकाची आईही येईल. ये. तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना. आली नाहीस तर तुझं नाव मी सांगेन, पण आधी माझं सांगून.

तुझी नव्हे, पण तुझ्याचसारखी,
मैत्रेयी