निम्मी अंडी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
शनिवार, ८ मार्च २०२५, सकाळी सव्वासहा

ती. केशवमामांस,
विश्वजितचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

बर्फाच्या बाटल्या आत्ताच बदलल्या, टाकीचं पाणी सतरा अंशांवर आलं, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

तुम्ही लेकीकडे, अश्लेषाताईकडे नाशिकला गेल्यापासून तुमच्या घरातले तिन्ही न्यूट खुशाल आहेत. नराच्या पाठीवर यंदा करवतीसारखा तुरा छान उभा राहिला. बेडकांच्या जातकुळीतले असले तरी आई अजूनही त्यांना पाण्यातल्या पालीच म्हणते आणि दारातूनच परत फिरते. दोन्ही माद्यांनी फेब्रुवारीत अंडी घातली. मामी सोडायच्या तशाच मी दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून पाण्यात सोडल्या होत्या. माद्यांनी एकेक अंडं पट्टीत दुमडून ठेवलं. एकंदर एकशे बारा झाली.

पण मामा, दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांतली सत्तावन्न मेली. आत शेपटीचा आकार येत होता, तेवढ्यात वाढ थांबली आणि पांढरी पडली. माझंच चुकलं असणार. पट्ट्या उलगडून रोज मोजत होतो, त्यानं असेल. किंवा त्या मंगळवारी तीन तास लाईट गेली, त्यानं. मामींनी शेवटपर्यंत, अकरा वर्षं जपलेले हे जीव दहावीनंतर शाळा सोडलेल्याच्या हाती द्यायलाच नको होते. उरलेली पंचावन्न जगतील की नाही, कळत नाही. एकदा येऊन बघा. ताईला विचारून तर पाहा.

आईचा नमस्कार. माझ्यावर राग धरू नये.

आपला,
विश्वजित

---

नाशिक
सोमवार, २४ मार्च २०२५

चि. विश्वजित यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र बारा तारखेलाच मिळालं. उत्तराला इतके दिवस लागले, त्यात टपालखात्याचा दोष नाही, माझा आहे.

तुझं काहीही चुकलेलं नाही. या जातीची निम्मी अंडी मरतातच. आईकडून आणि बापाकडून एकसारखा वारसा आला, की ते पिल्लू तिथंच थांबतं. पाणी बदला नाहीतर नवस करा, फरक पडत नाही. एकशे बारातली छप्पन्न जायचीच होती. वरचं एक गेलं, ते हवं तर लाईटच्या माथी मार.

हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तुझ्या मामीलाही सांगितलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी निवळत ठेवलं. दरवर्षी मेलेली अंडी वेगळी काढताना माझ्याकडे अशी बघायची, जणू नियम मीच करून ठेवलाय.

मग तुला लगेच का लिहिलं नाही? तुझं पत्र मी अश्लेषाला वाचून दाखवलं, आणि मी गेल्याशिवाय उरलेली जगायची नाहीत, असं ठोकून दिलं. नोव्हेंबरपासून माझ्या हृदयाचं कारण काढून ती मला प्रवास करू देत नाही. या वेळी मात्र ऐकलं. अठ्ठावीस तारखेची तिकिटं काढली, माझे दोन शर्ट इस्त्री करून ठेवले. मी गप्प राहिलो. तिकडे तू स्वतःला बोल लावत असशील, हे कळत होतं, तरी गप्प राहिलो.

काल तुझ्या आईचा तिला फोन आला. तू धड जेवत नाहीस, पहाटे चारला उठून थर्मामीटर बघतोस, असं ती म्हणाली. मग मला राहवलं नाही. निम्म्यांचा नियम अश्लेषाला सांगून टाकला. ती रागावली नाही, हसली. तिकिटं मात्र रद्द केली. अडचणच नाही तर उन्हातान्हाचं कशाला जायचं, म्हणाली. तिचं बरोबरच आहे.

तू पोटभर जेव. पिल्लं एव्हाना बाहेर आली असतील. त्यांच्या मानेपाशी पिसांसारखे कल्ले फुटतात, ते यंदा कसे आलेत ते सविस्तर कळव.

तुझ्या आईला आशीर्वाद. म्हाताऱ्याला माफ करता आलं तर कर.

तुझा,
केशवमामा

---

पुंडलिकनगर
रविवार, ६ एप्रिल २०२५, दुपारी दोन

ती. मामांस,
विश्वजितचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकं सुटल्यासारखं वाटलं की आईकडे जाऊन वाढ म्हणालो. दुसऱ्यांदा इस्त्रीच्या शर्टांपर्यंत आलो आणि पुढं वाचवेना. रागाचं विचाराल तर थोडा आला होता, तिसऱ्या वाचनापर्यंत टिकला नाही.

त्रेपन्न पिल्लं आहेत. एकमेकांचे पाय चावतात म्हणून आठ बरण्यांत वाटली आहेत. पाण्यातले बारीक किडे मी घरीच वाढवतो, ते खातात. कल्ल्यांचं तुम्ही विचारलंत. ते मी लिहिणार नाही. येऊन बघायचे. जूनअखेर ते जिरून जातील, मग वर्षभर थांबावं लागेल.

मादी खात नाही, पाण्याला वास येतो, असं काहीतरी कळव, म्हणजे अश्लेषा पुन्हा तिकिटं काढेल, असं आईनं पोळ्या लाटता लाटता सुचवलं. मी दोन ओळी लिहूनही पाहिल्या. पण ते वाचून तुम्ही खरंच काळजीत पडलात तर? मी पंधरा दिवस कसे काढले ते मला माहीत आहे. कागद फाडून टाकला.

म्हणून खरं तेच लिहितो. पाणी सतरा अंश आहे, मोठे तिघं ठीक आहेत, पिल्लं वाढत आहेत. इथं तुमच्यावाचून काहीही अडलेलं नाही.

ताईलाही आजच वेगळं पत्र टाकलं. अडचण नाही, तरी मामांना पाठव, सकाळच्या गाडीनं, मी स्वतः नाशिकला येऊन घेऊन जातो, असं लिहिलं. ती कारण विचारेल म्हणून तेही लिहिलं. मला मामांना बघायचंय.

आपला,
विश्वजित