भावोजींच्या एकविसाव्या उदाहरणाचे उत्तर

तीर्थरूप भावोजींच्या चरणी (ताई लिहिते तसा डावा मुरगळला असेल तर उजव्या) नमस्कार. शेक, लेप आणि ताईची बोलणी यांपैकी कशाने उतार पडतो आहे, तेही कळवावे. इकडे सगळे ठीक.

आपल्या बीजगणिताच्या सरावपुस्तकात एकविसाव्या उदाहरणाचे उत्तर सात छापले आहे. ते सतरा हवे. मागे मी हे नम्रपणे कळवले, तर ‘गणितात पाठभेद नसतात, तू आपल्या पोथ्या सांभाळ’ असे एका ओळीचे पोस्टकार्ड आले. भावोजी, पोथ्या सांभाळूनच सांगते आहे. अठरा वर्षे ग्रंथालयात बसून मी भल्याभल्या ग्रंथकारांच्या डुलक्या नोंदवते आहे; आपली डुलकी त्यांच्या पंक्तीला बसेल, एवढाच काय तो मान.

मी या वाटेला गेले ती आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकबांधणीच्या बाईंमुळे. वय चव्वेचाळीस, हात देवाचा, आणि दहावीचे गणित तीनदा राहिलेले. यंदा सुटले तर नोकरीत कायम, नाहीतर वर्षअखेर घरी. संध्याकाळच्या वर्गाचे मास्तर चाळिसांपैकी पस्तीस उदाहरणे बरोबर असल्याशिवाय परीक्षेच्या फॉर्मवर सही करत नाहीत. बाईंची चौतीस झाली, आणि मध्ये आपले एकविसावे आडवे पडले.

शिकवायला मी बसले ती आमच्या पद्धतीने, म्हणजे पाठांतर आधी, अर्थ सवडीने. दोन दिवसांत बाईंना चाळीसही उदाहरणे मुखोद्गत झाली आणि एकही सोडवता येईना. शिवाय जो अजून सापडलाच नाही त्याला क्ष म्हणून हाका कशाला मारायच्या, या त्यांच्या शंकेचे समाधान माझ्याजवळ नव्हते (आपल्या प्रस्तावनेतही नाही). शेवटी पुठ्ठे कापता कापता त्यांनीच मला समजावले: पुढचा पुठ्ठा दोन सूत कापला तर मागचाही दोन सूत कापायचा, नाहीतर पुस्तक तिरकं बसतं. समीकरण म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. पदवी घेऊन सव्वीस वर्षे झाली आहेत.

तर, ३(क्ष − ४) = २क्ष + ५. बाईंना सतरा आले. मागे पाहिले, सात. खोडले, पुन्हा केले, सतरा. तिसऱ्यांदा चोरी पकडल्यासारखा चेहरा करून त्यांनी सात लिहून टाकले. मी दोन्ही आकडे घालून पाहिले. सतराने दोन्हीकडे एकोणचाळीस. आपल्या साताने एकीकडे नऊ, दुसरीकडे एकोणीस. तरी बाई म्हणतात, ‘अहो, ते छापलंय. माझं पेन्सिलीचं आहे.’ या वाक्याने माझे डोके फिरले ते अजून जागेवर आलेले नाही. मी त्यांना सतरा लिहायला लावले. मास्तरांनी लाल फुली मारली. मी जाऊन भांडले, तर पुस्तक एवढ्या विद्वानाचं, तुम्ही कोण, म्हणे. मी त्या विद्वानांना चहात मीठ घालून शेवटच्या घोटापर्यंत पिताना पाहिले आहे, असे सांगितले. उपयोग झाला नाही.

तेव्हा माफी वगैरे मी मागणार नाही. उत्तर चूक आहे, आणि आपण मोठे आहात म्हणून ते बरोबर होत नाही.

आपली मेहुणी

ता. क. मुख्य काम राहिलेच. ‘सात नव्हे, सतरा’ एवढी ओळ सहीनिशी शनिवारच्या आत पाठवावी. लेखकाच्या अक्षराशिवाय मास्तर ऐकत नाहीत. सोबत मला सापडलेल्या आणखी सहा मुद्रणदोषांची यादी.

पुन्हा ता. क. आज शनिवार, पत्र पर्समध्येच राहिले. यादी फाडली आहे. बाईंनी सहाही उत्तरे घालून पाहिली. छपाई निर्दोष, दोष माझे. आपल्या ओळीचीही आता गरज नाही. वर्गातल्या तेवीस प्रती, मास्तरांची धरून, शिवण उसवली म्हणून बाईंनी दुरुस्तीला आणल्या होत्या. परत गेल्या त्या सगळ्यांत सतरा आहे. रद्दीतल्या वेळापत्रकांतून त्याच मापाचा एकाचा आकडा कापून साताच्या आधी असा चिकटवला आहे की माझ्या भिंगालाही सांधा दिसला नाही. मास्तरांनी पुस्तक उघडले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि सही केली. हे बरोबर केलंत का, असे मी बाईंना विचारले. चुकीचं पुस्तक बांधून परत द्यायचं नसतं, म्हणाल्या. आमच्या माहितीत सात असलेली एकच प्रत उरली आहे, ती आपल्या टेबलावर. उलट टपाली पाठवावी. बाई करून देतील.