एकाच कळपातली

ता. १४ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय बडबडे,

मी ठणठणीत आहे, खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं. तिकडेही सगळे मजेत आहेत असं धरून चालतो. तुझ्या ताईला, म्हणजे आमच्या वहिनीला सांग, तिनं विणलेला स्वेटर बाहेर काढलाय. पत्र बघून घाबरू नकोस. आपलं लग्न ठरल्यापासून फोनवर तू मला सलग दोन वाक्यं बोलू दिली आहेस का? म्हणून कागद घेतला. आठवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

परवा आमच्या प्राणीबागेतल्या काळ्या, पांढऱ्या, तपकिरी हरणांचा फोटो बघून तू विचारलंस, "ही हरणं एकाच घरातली की बाजारातून गोळा केलेली?" तेव्हा मला सांगता आलं नाही. आता आमच्या हरणांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आलोय. एकाच जातीची आहेत गं सगळी, फक्त ही आपली चितळं नव्हेत. आईबापाकडून येईल तो रंग. तपकिरी आईला काळं पाडस होतं, कधी चक्क पांढरंही. त्यात पुन्हा उन्हाळ्यात अंग तांबूस नि वर ठिपके, आणि थंडी आली की जुने केस गळून तेच हरीण करडं होतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणीतरी हरणंच बदलली! मुकादमाला विचारलं तर म्हणतो, "हो, जुनी सासरी पाठवली."

शिंगांची तर आणखी गंमत. ती दरवर्षी पडतात नि नवी येतात. वर मखमलीसारखी कातडी असते, ती वाळली की नर झाडावर घासून काढतो. आतलं हाड पांढरंच. मग सालीचा रस, चिखल, रक्त लागून ते काळपट होतं. आमच्या एका नराच्या कुंपणात नुसती लोखंडी जाळी, त्याची शिंगं फिकटच राहिली. मुकादम म्हणाला, आजारी आहे. बाई म्हणाल्या, "आजारी कसला? त्याला घासायला झाड द्या."

त्या कळपात एक कबरी हरिणी आहे. तपकिरी अंगावर मोठमोठे पांढरे डाग, जसा काही चुना सांडलाय. बघायला येणारे लोक पोरांना मागे ओढायचे. "हिला काय झालंय? लागण तर होणार नाही ना?" रोजची कटकट नको म्हणून मुकादमानं तिला कोपऱ्यातल्या कुंपणात एकटीला ठेवलं. मी चारा टाकायचो, ती तोंड लावेना. जाळीच्या कडेनं नुसत्या येरझाऱ्या. बाईंना कळल्यावर त्यांनी मुकादमाला फैलावर घेतलं. "डाग जन्माचे आहेत, त्यांनी तिला काही होत नाही. एकटी ठेवलीत तर मात्र होईल."

मंगळवारी मीच दार उघडलं. वाटलं, बाकीच्या बिचकून पळतील. दोघींनी तिला हुंगलं, जरा सरकल्या, पुन्हा चरायला लागल्या. झालं.

आता तू म्हणत असशील, "अरे, मुद्द्यावर ये!" येतो.

व्हिडिओवर मी अंधारात का बसतो, हे तू तीनदा विचारलंस. दिवा ठीक आहे. माझ्या बोटांवर पांढरे डाग उठलेत. आधी दोनच बोटांवर होते, आता ओठाच्या कडेलाही आलेत. दवाखान्यात दाखवलं. कोड आहे. दुखत नाही, कुणाला लागत नाही. थांबेल की पसरेल, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. कामावर हातमोजे घालून असतो. बाईंच्या लक्षात आलंच. मी म्हटलं, "आता मीही कबरीच्या जातीतला." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिचं जन्मापासूनचं, तुझं आत्ताचं. दोन्ही वेगळं. हरणांच्या गोष्टी सांगून त्या पोरीला गुंडाळू नकोस."

तरी दोन पानं हरणांवरच गेली बघ. माणसं हरणं नव्हेत, एवढं मला कळतं.

तुला नको वाटलं तर स्पष्ट नाही म्हण, मी कारण विचारणार नाही. फक्त घरी सांगताना दोष माझ्यावर टाक. सांग, त्याचं मन पुन्हा उडालं. चार कामं अर्ध्यावर टाकून पळालेला माणूस मी, कोण शंका घेणार? दादा तर लगेच म्हणेल, "मला वाटलंच होतं." मग धाकटीनं लग्न मोडलं म्हणून वहिनीला आमच्या घरात कुणी टोचून बोलणार नाही.

पण तुला एकटीला खरं माहीत असू दे. या वेळी मी पळालेलो नाही.

पुढच्या रविवारी दुपारी खिडकीपाशी, उजेडात बसेन. वाटलं तर फोन लाव. आधी नीट बघ, मग बोल.

तू ठरवशील तो,
मी