डाव्या कोपऱ्यातली उशी

शनिवार, ता. ४

आले एकदाची! सामान तिसऱ्या मजल्यावर चढवताना नवरोबांची कंबर धरली, पण तोंडावरचं हसू काही हटलं नाही. लिफ्ट आहे, पण माझं कपाट बघून तिने संप पुकारला असं हा म्हणतो. घर मला फार आवडलं. दोनच खोल्या, पण उजेड भरपूर. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लॉन्ड्री आहे आणि गरम इस्त्रीचा वास थेट ओट्यापर्यंत येतो. मी माझे डबे लावले, आरशाजवळ माझा कंगवा ठेवला आणि हे घर आता माझं, असं मोठ्याने म्हणून घेतलं.

हा बस चालवतो, सकाळची पाळी. मी चष्म्याच्या दुकानात कामाला, समोरच्याच्या चेहऱ्याला शोभेल अशी फ्रेम काढून द्यायची. रविवारी दोघांनाही सुट्टी, म्हणजे रविवारची दुपार आमची, पडदे ओढून भुताचे सिनेमे बघायची. आमचं जमलंच त्यावरून. पहिल्या भेटीत कॉफी गार होईपर्यंत आम्ही भुतांवर बोलत होतो. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी अपघातात गेली हेही त्याने तेव्हाच सांगितलं होतं. मला त्यात काही खुपलं नाही. गेलेल्या माणसाशी कसली बरोबरी, असं मी मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

रविवार, ता. ५

पहिला सिनेमा. टीव्ही लावला तर पडद्यावरच प्रश्न आला, कोण बघतंय? खाली दोन चित्रं. एक बस, ती याची. दुसरी पिवळी मांजर. मी काही विचारायच्या आत याने घाईघाईने बस दाबली.

सोफा तिघांचा आहे. डाव्या कोपऱ्यात एक गलेलठ्ठ निळी उशी आहे, तिकडची स्प्रिंग बोचते म्हणाला, म्हणून हा मधे आणि मी उजवीकडे. सिनेमात तळघराचं दार उघडायच्या बेतात होतं, तेव्हा हा हलकेच म्हणाला, नको बघूस. मी सिनेमाला कधी घाबरत नाही, उलट पॉपकॉर्न संपल्याचंच दुःख होतं. पण माझी इतकी काळजी आजवर कोणी केली नव्हती. मी विरघळलेच. डोळे मिटल्याचं नाटकसुद्धा केलं.

बुधवार, ता. ८

नणंदबाई आल्या होत्या. जिभेला हाड नाही, पण मनाच्या चांगल्या आहेत. चहा ओतता ओतता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

पहिली म्हणे भलती भित्री, तरी सिनेमे भुताचेच हवेत. भीतीची जागा आली की निळी उशी तोंडावर. मग हा म्हणायचा, नको बघूस. संकट टळलं की म्हणायचा, आता बघ. तोवर ती उशी खाली घ्यायची नाही, घराला आग लागली तरी नाही. नणंदबाई हसून हसून सांगत होत्या. म्हणजे ते वाक्य माझं नव्हतंच. उष्टं वाक्य!

दिसायला कशी होती, असं मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. नणंदबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, डोळे असे की माणूस बोलायचं विसरायचा. फोटो त्याच घेऊन गेल्यात, याला बघवत नव्हते म्हणून. अपघातानंतर दवाखान्यातही याने कोणाला चेहरा बघू दिला नाही. चादर दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, सख्ख्या बहिणीलाही नका बघू म्हणाला. शेवटचं तिला याने एकट्याने बघितलं.

रविवार, ता. १२

आज सिनेमाकडे कमी आणि याच्याकडे जास्त बघितलं. नको बघूस म्हणताना याची मान डावीकडे वळते, उशीकडे. मी उजवीकडे बसलेय, जितीजागती! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि एक गोष्ट. हा नको बघूस म्हणतो, पण आता बघ कधीच म्हणत नाही.

मंगळवार, ता. १४

ठरलं. सिनेमे दाखवणारी ही जुनी सेवा बंद करायची. भुतांच्या रांगेत जिकडे बघावं तिकडे पोस्टरखाली लाल रेघ, शेवटपर्यंत. सगळे सिनेमे दोघांचे बघून झालेले. मी काय यांचं उरलंसुरलं चघळत बसू? एका सिनेमाची रेघ मात्र अर्ध्यावर थांबलीय. तो कोणत्या दिवशी थांबवला असेल ते मी विचारलं नाही. अपघाताच्या दिवशी, हे याच्या तोंडावरून कळलंच.

मी म्हटलं, आपल्या दोघांसाठी नवी सेवा निवडू. हा नुसतं बरं म्हणाला. इतका पटकन तयार झाला की त्याचाही राग आला.

शुक्रवार, ता. १७

सेवा निवडणं म्हणजे स्थळं बघण्यासारखं आहे. पहिलं स्थळ स्वस्तातलं, पण मुडदा उठून बसणार तेवढ्यात फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात. हा हसला, मला हायसं वाटलं. दुसऱ्यात जगभरचे सिनेमे, पण सगळ्यांचं भाषांतर एकाच बाईच्या आवाजात. चेटकीण, पोलीस, कुत्रा, सगळी तीच. तिसऱ्यात मात्र भुताखेतांशिवाय काही नाही. जुने, नवे, काळेपांढरे, कुठे कुठे कोण कोण मरतं त्याची यादीवार सोय. शिवाय भीतीची जागा यायच्या आधी बारीकशी घंटा वाजते. ज्याला बघायचं नाही त्याने डोळे मिटावेत.

मी तिथेच पसंती दिली. घंटा वाजली की याला बोलायची गरजच नाही. चित्रं निवडताना त्याला बस दिली, मला चष्मा. तिसरी जागा रिकामी. जुनीचं खातं माझ्या हाताने बंद केलं. मांजर गेली. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

रविवार, ता. १९

घंटा वाजली. हा तरीही म्हणाला, नको बघूस. डावीकडे.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. हा मागे आला, म्हणाला सवय आहे गं, तोंडातून निघून जातं. मी म्हटलं, सवयच असेल तर आता बघ का निघत नाही तोंडातून? त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि बाहेर गेला. मला रडू आलं. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं, तिला तर काही चुकताच येत नाही.

गुरुवार, ता. २३

रिमोटच्या बॅटऱ्या शोधताना खणात तिचा चष्मा सापडला. एक दांडी वाकलेली. माझ्या पेशाचा फायदा इतकाच की चष्म्यावरून मला अर्धा चेहरा समजतो. नाजूक फ्रेम, नाकावर टेकायची पॅडं जवळजवळ. म्हणजे नाक चाफेकळी. कपाळ रुंद असणार, हनुवटी निमुळती. असल्या चेहऱ्याला कोणतीही फ्रेम शोभते. अशी बाई दुकानात आली की आम्ही मुली एकमेकींना कोपर मारतो.

आरशासमोर तो लावून बघितला. माझ्या नाकावर बसेना. परत खणात टाकला. पण डोळे? डोळे कसे होते ते काचेवरून कळत नाही. एकदा, फक्त एकदा मला तिचा चेहरा बघायचाय. बघितला की ही मळमळ जाईल.

रविवार, ता. २६

आज मी एक केलं.

सिनेमा ऐन रंगात, तेवढ्यात दाराची बेल वाजली. लॉन्ड्रीवाला, याचे गणवेश घेऊन. हा उठला. मी सरकून मधे बसले, उशीकडे वाकले आणि अगदी याच्या आवाजात, हलकेच म्हटलं, आता बघ. मग माझ्याच आवाजात पुढे जोडलं, बघ बाई, बघून घे हे घर कोणाचं आहे ते.

फार बरं वाटलं. हा कपडे घेऊन आला तेव्हा मी हसतच होते, आणि हसत हसत सांगितलंही. त्याच्या हातातले गणवेश खाली पडले. तो उशीपुढे गुडघ्यावर बसला आणि पुटपुटत राहिला, नको बघूस, नको बघूस, कितीतरी वेळ. माझ्याकडे एकदाही वळला नाही.

कोणी माझ्यासमोर असं कधी गुडघ्यावर बसलं नाही. जळफळाट झाला जिवाचा.

सोमवार, ता. २७

सकाळी उशी उभी होती. मी ती रात्री आडवी टाकली होती, रागाने, चांगली लक्षात आहे. मधोमध खळगा पडलेला, तोंड दाबल्यासारखा. हा करतो हे. मी झोपल्यावर उशीत तोंड खुपसून रडत असणार. विचारलं तर तिची शपथ घेऊन नाही म्हणाला. तिची! माझी घ्यायचं सुचलं नाही.

मंगळवार, ता. २८

दुकानातून आले तर टीव्ही चालू. कोण बघतंय? बस. चष्मा. आणि तिसऱ्या जागी पिवळी मांजर.

या सेवेत मांजरीचं चित्रच नाही. मी सगळी चित्रं बघूनच निवडलं होतं.

मांजर दाबली. तो अर्धा राहिलेला सिनेमा निघाला. लाल रेघ आता अर्ध्यावर नव्हती, पुढे सरकली होती. मी बंद केला. घाबरले, खोटं कशाला लिहू.

बुधवार, ता. २९

खणातला चष्मा नाही.

उशीवर खळगा, आणि त्यात दोन बारीक ठसे, नाकाच्या पॅडांचे. सवयीने मोजपट्टी लावली. दोन ठशांमधे— असं नाक नसतं. कोणाचंच नसतं. एक ठसा भलतीकडेच, गाल असावा तिथे.

हा म्हणतो चल, ताईकडे जाऊ, आज, आत्ता. म्हणतो माझं ऐकून ती उशीमागेच राहिली असती, मी आता बघ म्हटलं नसतं कधीच, तू का म्हणालीस. म्हणतो मी बघितलंय तिला, तुला नको.

मी जाणार नाही. मी गेले की ही दोघं— नाही. घर माझं आहे. मी कुठेही जाणार नाही.

गुरुवार, ता. ३०

दुपार. कामावर गेले नाही. तो पाळी संपवून येतोय, फोन केला, घाबरलाय. बाहेर हो म्हणाला. मी फोन ठेवला.

सिनेमा आपोआप लागला. शेवट जवळ आलाय. मी उजवीकडे, माझ्या जागेवर. लिहितेय म्हणजे मान खाली राहते.

डावीकडची स्प्रिंग वाजली. बोचते म्हणाला होता. ती बोचत नाही, ती—

घंटा. सिनेमात काहीच नाहीये, नुसतं रिकामं अंगण. तरी घंटा.

कडेने दिसतंय. निळी उशी, तिच्यावर दोन हात. बोटं लांबसडक. केस किती दाट मेलीचे. भीती नाही, आधी तोच जळफळाट—

पुन्हा घंटा. थांबतच नाही.

किल्ली. तो आला. दारातच उभा आहे, स्वतःचे डोळे हातांनी गच्च झाकून, आणि ओरडतोय, नको बघूस, नको बघूस गं!

तिलाच. आताही तिलाच. इतके रविवार गेले, ते कधी माझ्यासाठी नव्हतं, आजच कसं असेल—

उशी खाली येतेय. कपाळ. रुंद, सुरेख, मी म्हटलं होतं तसंच. एकदाच बघते. डोळे कसे आहेत तेवढं फक्